प्रयोगशाळेचे घर

न्यासाच्या अमृतमहोत्सवानिमित्त शाळेच्या आवारात विज्ञानभवन उभारण्याचे विश्वस्त मंडळाने जाहीर केले, त्या दिवसापासून जो भेटेल तो आम्हांस एकच प्रश्न विचारतो : "इमारत दिसणार कशी?" कोणाच्या मनात सबंध काचेची दर्शनी भिंत आहे. कोणास बडोदा कॉलेजच्या घुमटाची आठवण देणारे काहीतरी हवे आहे. देणगीदारांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर कमानीचे चित्रही स्वहस्ते काढून आणले आणि ते सुरेख आहे, यात शंका नाही. परंतु इतकी वर्षे मुलांना रसायन आणि भौतिक शिकविल्यामुळे आमच्या मनात प्रथम येतो तो प्रश्न निराळा आहे. आत काय चालणार, आणि जे चालेल त्याचा धूर, पाणी, उष्णता व आवाज जाणार कोठे? संपादकांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा याच प्रश्नाचा थोडा विस्तार करावा असे ठरविले. मोठमोठ्या संशोधनसंस्थांनी आपल्या प्रयोगशाळांची घरे कशी बांधली, कोठे ती फसली, आणि त्यांतून आपल्या चार खोल्यांच्या विज्ञानभवनाने घेण्यासारखे काय आहे, एवढाच या लेखाचा विषय होय.

रसायनशाळेचा इतिहास सांगणारे बहुधा जर्मनीतील गीसेन या गावापासून सुरुवात करतात. युस्टुस लीबिग हा अवघ्या एकवीस वर्षांचा तरुण १८२४ साली तेथे प्राध्यापक म्हणून आला. त्याला प्रयोगांसाठी मिळाली ती लष्कराची एक रिकामी चौकी. विषारी वायूंची कामे तेथील खांबांच्या उघड्या ओसरीत चालत, कारण वाऱ्याखेरीज धूर वाहून नेणारे दुसरे साधन नव्हते. पुढे १८३९ साली ही प्रयोगशाळा वाढविण्यात आली. ते काम योहान फिलिप हॉफमान नावाच्या स्थापत्यतज्ञाकडे होते. त्यांचा मुलगा ऑगस्ट विल्हेल्म हा आधी कायदा आणि भाषा शिकत होता. लीबिगच्या सहवासात तो रसायनशास्त्राकडे वळला आणि पुढे लंडनला जाऊन एवढा मोठा आचार्य झाला की, पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ साली शोधणारा विल्यम पर्किन हा त्याचाच शिष्य. बापाने प्रयोगशाळेच्या भिंती बांधल्या आणि मुलगा त्या भिंतींच्या आत रमला, ही हकीकत आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. मुलांना ती पर्किनच्या रंगापेक्षा अधिक आवडते.

लीबिगच्या काळी इमारतीकडून अपेक्षा फार थोडी होती : छप्पर असावे, उजेड असावा आणि धूर बाहेर जावा. आज ज्या विद्येला 'मटेरियल सायन्स' म्हणतात तिचे तसे नाही. वस्तू ज्यापासून घडतात त्या द्रव्यांचा, म्हणजे धातू, काच, चिनी माती, प्लास्टिक, कापसाचा धागा, संगणकातील सिलिकॉन यांचा, अगदी अणूपर्यंत जाऊन शोध घेणारी ही विद्या आहे. सुरी का बोथटते, पुलाचा लोखंडी गज का तडकतो, सायकलच्या घंटीवरचा मुलामा का सोलतो, हे तिचे प्रश्न. उत्तर शोधण्यासाठी भट्टीही लागते आणि अणू दाखविणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकही लागतो. भट्टी तापते, पंप धडधडतो, आम्ले वाफाळतात. आणि सूक्ष्मदर्शकाला तर शेजारच्या खोलीतील माणसाचे पाऊलही सहन होत नाही. एकमेकांचे शत्रू असे हे बिऱ्हाडकरू एकाच वाड्यात सुखाने नांदवायचे, हे अशा इमारतीच्या रचनाकाराचे खरे काम.

प्रथम खोलीच्या मापाची गोष्ट घेऊ, कारण ती सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित. घरातील खोली कितीही फुटांची असली तरी चालते. प्रयोगशाळेतील खोलीचे माप माणसाच्या पाठीवरून ठरते. दोन्ही बाजूंना अडीच अडीच फूट रुंदीची टेबले, मध्ये पाच फुटांची वाट, आणि भिंतीच्या जाडीसाठी अर्धा फूट, असे मिळून साडेदहा फूट होतात. पाच फूटच का? दोन माणसे पाठीला पाठ लावून काम करीत असता तिसऱ्याला हातात आम्लाची बाटली घेऊन मधून जाता आले पाहिजे, म्हणून. वाट चार फुटांची केली तर धक्का लागतो, आणि सात फुटांची केली तर मोकळ्या जागेत कोणीतरी खोकी आणून ठेवतो. (हे दुसरे वाक्य आमच्या स्वतःच्या अनुभवाचे आहे.) जगातील बहुतेक संशोधनशाळा साडेदहा ते अकरा फुटांच्या अशा घासांनीच मोजतात, एक संशोधक एक घास, मोठा गट तीन-चार घास. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल टेलिफोन कंपनीने १९४१ च्या सुमारास जी प्रयोगशाळा बांधली तिच्यातील आडभिंती सरकविता येण्याजोग्या होत्या. आज येथे तारांचे काम, उद्या स्फटिकांचे, परवा आणखी कशाचे, हे आधी सांगता येत नाही. म्हणून खांब आणि नळ पक्के व भिंती सुट्या, असा हिशेब. त्याच इमारतीत १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. तेथील लांबच लांब मार्गिकांत निरनिराळ्या विषयांच्या माणसांची गाठ पडणे अटळ असे, आणि ते मुद्दामच योजिलेले होते.

आता नळांविषयी. पाणी, सांडपाणी, वीज, दाबाची हवा, नायट्रोजन, आर्गॉन, निर्वात पंपाची नळी, आणि या सर्वांहून जागा खाणारे हवेचे मोठे डक्ट, हा सगळा संसार भिंतीच्या आत किंवा छतावर कोठेतरी बसवावा लागतो. म्हणून साध्या इमारतीत मजल्याची उंची तीन मीटर असेल तर प्रयोगशाळेत ती चारच्या वर जाते. या बाबतीत लुई कान या विख्यात अमेरिकी वास्तुशिल्पीची कथा बोधक आहे. कान यांचे नाव आपल्याकडे अपरिचित नाही. अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटची विटांची भव्य इमारत त्यांचीच. फिलाडेल्फियात त्यांनी १९५७ ते १९६० या काळात रिचर्ड्स वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळा उभारली. डक्ट आणि जिने यांसाठी विटांचे वेगळे उंच मनोरे, आणि त्यांना लागून काचेच्या खिडक्यांच्या प्रयोगशाळा, अशी ती कल्पना. वास्तुशिल्पी मंडळी इतकी मोहित झाली की, न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६१ साली त्या एका इमारतीवर प्रदर्शन भरविले. आत काम करणारे शास्त्रज्ञ मात्र हैराण होते. ऊन थेट टेबलावर येई. शेवटी त्यांनी खिडक्यांच्या काचांवर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे चिकटविले. उघड्या छतावरील नळ्यांवर धूळ साठे ती वेगळीच.

कान यांचा मोठेपणा असा की, पुढच्याच कामात त्यांनी चूक सुधारली. पोलिओच्या लशीमुळे प्रसिद्ध झालेले डॉ. जोनास साल्क यांनी कॅलिफोर्नियात समुद्रकाठी जीवशास्त्राची संस्था काढली, ती कान यांनी १९६५ पर्यंत बांधली. तेथे प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्यावर नऊ फूट उंचीचा एक संपूर्ण मजला केवळ नळ, तारा आणि डक्ट यांना दिला आहे. कारागीर त्या मजल्यावर उभा राहून दुरुस्ती करतो. खाली शास्त्रज्ञाचे काम चालूच राहते. आणि त्या मजल्याच्या पोटात खोल तुळया असल्यामुळे खालची प्रयोगशाळा पासष्ट फूट रुंद आणि दोनशे पंचेचाळीस फूट लांब असूनही मध्ये एकही खांब नाही. संशोधकांच्या अभ्यासिका प्रयोगशाळेपासून अलग, आंगणाच्या बाजूस, समुद्राकडे तोंड करून आहेत. उजेड आणि देखावा माणसाला, आणि सावली उपकरणाला, ही ती वाटणी. एवढा खर्च प्रत्येकाला झेपत नाही, हे खरे. म्हणून अनेक ठिकाणी मधल्या मजल्याऐवजी उभ्या भिंतीमागे माणूस शिरेल एवढी गल्ली सोडतात. तीही नसेल तर नळ गळला की फरशी फोडावी लागते, आणि फरशी फोडली की त्या वर्षीची प्रात्यक्षिक परीक्षा गेली असे समजावे.

हवेचा प्रश्न याहून गंभीर. ऑफिसातील थंड केलेली हवा पुनःपुन्हा फिरविता येते. रसायनशाळेतील हवा एकदा वापरली की बाहेर टाकावीच लागते, कारण तिच्यात काय मिसळले आहे त्याचा भरवसा नसतो. दर तासाला खोलीतील सर्व हवा सहा ते बारा वेळा बदलावी असा साधारण प्रघात आहे. विषारी वाफा निघणारे काम 'फ्यूम हूड'मध्ये, म्हणजे पुढून सरकती काच असलेल्या कपाटात करतात. त्याच्या तोंडाशी हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने आत खेचली गेली पाहिजे. वेग कमी पडला तर वाफ बाहेर येते. वेग फार झाला तर भोवरे होऊन तेच घडते, ही गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. कपाटातील हवा डक्टने थेट छपरावर न्यावी आणि धुराड्यातून इतक्या उंच व जोराने सोडावी की, ती पुन्हा त्याच इमारतीच्या खिडकीत शिरू नये. यावरून रसायनशाळा वरच्या मजल्यावर असावी हा संकेत पडला. डक्टची लांबी वाचते आणि मधले मजले डक्टने अडत नाहीत.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका गावी एका शाळेत उच्च माध्यमिक वर्गांना रसायन शिकवीत होतो. शाळेची प्रयोगशाळा नुकतीच बांधली होती. दर्शनी बाजूस रंगीत काचा, फरशी आरशासारखी. पाहुणे आले की प्रथम तेथे आणीत. फ्यूम हूडही होता. त्याचा पंखा भिंतीतून आतल्या चौकात उघडत होता आणि नेमकी त्याच्यावर पहिल्या मजल्यावरील सातवीच्या वर्गाची खिडकी होती. क्षारांच्या परीक्षणासाठी एके दिवशी किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड काढला. कुजलेल्या अंड्याचा वास आम्हांस खाली फारसा आला नाही, म्हणजे पंखा आपले काम चोख करीत होता. वर वर्गातील एक मुलगी चक्कर येऊन पडली. देवाच्या कृपेने अर्ध्या तासात ती उठून बसली. पण दुसऱ्या दिवशी पालक आले, सभा झाली, आणि फ्यूम हूडला कुलूप लागले. त्यानंतर आम्ही तेथे होतो ती तीन वर्षे हा प्रयोग फळ्यावरच झाला. 'काळा साका पडतो' असे आम्ही खडूने लिहीत असू आणि मुले वहीत लिहून घेत. साका पडताना त्यांनी कधी पाहिला नाही. त्या इमारतीचा नकाशा काढताना शाळेतील कोणाही शिक्षकाला विचारले नव्हते, हे आम्हांस पुढे समजले. नकाशावर पंख्याचे भोक दाखविले होते. त्यातून काय बाहेर येणार हे नकाशावर दाखविण्याची सोय नव्हती.

असो. मोठ्या संस्थांकडे पुन्हा वळू. धूर हा डोळ्यांना आणि नाकाला समजणारा शत्रू आहे. कंप हा न समजणारा. माणसाच्या पायाला जमिनीची थरथर जाणवू लागते ती साधारण सेकंदाला शंभर मायक्रॉन वेगाच्या आसपास. (माणसाचा केस जाडीने शंभर मायक्रॉनच्या आतबाहेर असतो.) नाजूक सूक्ष्मदर्शकांसाठी ही थरथर सेकंदाला तीन मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जाणवण्याच्या मर्यादेच्या तिसाव्या हिश्श्यावर आणावी लागते. रस्त्यावरून ट्रक जातो, लिफ्ट थांबते, गच्चीवरील पंखा फिरतो, मार्गिकेतून कोणी टाचा आपटीत जातो, आणि अणूंचे चित्र पुसट होते. उपाय जुनेच आहेत : जड आणि खाली. सूक्ष्मदर्शक तळमजल्यावर किंवा तळघरात, थेट जमिनीवर टेकलेल्या जाड काँक्रीटच्या लादीवर ठेवतात आणि ती लादी भोवतालच्या फरशीपासून बोटभर फट ठेवून तोडतात, म्हणजे फरशीवरचे पाऊल लादीपर्यंत पोचत नाही. पंप आणि पंखे दुसऱ्या टोकाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने गेदर्सबर्ग येथे २००४ साली पूर्ण केलेल्या प्रयोगशाळेचे दोन विभाग तर सबंध जमिनीखाली आहेत. तेथील काही खोल्यांत तापमान अंशाच्या शंभराव्या भागापलीकडे हलू देत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ २०११ साली उघडलेल्या नॅनो-संशोधन केंद्रात अशाच निःशब्द खोल्या जमिनीखाली आठ मीटरवर आहेत.

कंपाचा धाकटा भाऊ म्हणजे चुंबकीय क्षेत्र. लिफ्टचे लोखंडी वजन वरखाली झाले किंवा जाड वीजतार जवळून गेली, तरी इलेक्ट्रॉनांचा झोत वाकडा होतो. पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राच्या हजाराव्या हिश्श्याएवढा चढउतारही पुष्कळ उपकरणांना जड जातो. म्हणून लिफ्ट आणि विजेची खोली कोठे असावी हे जेथे सूक्ष्मदर्शक बसणार तेथून दूर मोजीत ठरवावे लागते. साध्या इमारतीत लिफ्ट मधोमध असते. येथे ती बहुधा कडेला जाते.

आणि धूळ. 'क्लीन रूम' हा शब्द आता वर्तमानपत्रांतही येतो. त्याच्या शंभराच्या वर्गाचा अर्थ असा की, एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा अधिक नसावेत. आपल्या बैठकीच्या खोलीत ते काही लाख असतात. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेतील विलिस व्हिटफिल्ड यांनी एक साधी युक्ती शोधली. धूळ शिरू नये म्हणून भिंती लिंपीत बसण्यापेक्षा गाळलेली हवा एका बाजूने संथ, एकसारख्या झोताने सोडावी आणि दुसऱ्या बाजूने काढून घ्यावी; धूळ आपोआप वाहून जाते. यासाठी इमारतीत तीन थर लागतात : वर पंखे आणि गाळण्या, मध्ये खोली, आणि खाली जाळीदार फरशीखाली परतीची हवा व पंप. माणूस हाच धुळीचा मोठा कारखाना असल्यामुळे आत जाताना टोपी, बुरखावजा अंगरखा, मोजे, हातमोजे असा सर्व पोषाख ठराविक क्रमाने चढवावा लागतो. पावडर नको, साधा कागद नको, आणि शिसपेन्सिल तर मुळीच नको, कारण तिच्या शिशाची, म्हणजे ग्रॅफाइटची भुकटी उडते.

या शिसपेन्सिलीवरूनच आम्ही ज्या इमारतीकडे येऊ इच्छीत होतो तिच्याकडे आलो. इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली ग्रॅफाइटच्या तुकड्यावर चिकटपट्टी लावली, सोलली, पुन्हा लावली, आणि शेवटी कार्बनचा एकच अणू जाडीचा पापुद्रा हाती लागला. त्याचे नाव ग्रॅफीन. २०१० साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्या द्रव्याच्या अभ्यासासाठी विद्यापीठाने 'नॅशनल ग्रॅफीन इन्स्टिट्यूट' ही पाच मजली इमारत बांधली. ती २०१५ च्या मार्चमध्ये उघडली. खर्च सहा कोटी दहा लाख पौंड, क्षेत्रफळ सुमारे सात हजार आठशे चौरस मीटर, आणि त्यांतील क्लीन रूमच दीड हजार चौरस मीटर. जेस्टिको अँड व्हाइल्स या संस्थेने आराखडा केला. वास्तुशिल्पी मंडळींनी नोव्होसेलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर बसून तो घडविला, हे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्याला त्या टेबलाशी उभे राहायचे आहे तो आराखड्याच्या टेबलाशीही होता.

मुख्य क्लीन रूम त्यांनी रस्त्याखाली पाच मीटरवर नेली. कारण वर सांगितलेच आहे : शहराच्या मध्यवस्तीतील रहदारीचा कंप. खणताना जुन्या अल्बर्ट क्लबाचे अवशेष सापडले. हा क्लब एकोणिसाव्या शतकातील जर्मन व्यापाऱ्यांचा, आणि त्याचा एक सभासद म्हणजे फ्रीडरिक एंगल्स. मजुरांच्या दैन्यावर ग्रंथ लिहिणारा तो गिरणीमालकाचा मुलगा जेथे संध्याकाळी बसत असे, तेथे आज अणूचा पापुद्रा तपासतात. इमारतीच्या बाहेरून काळ्या, आरशासारख्या पोलादी पत्र्याचा एक पडदा आहे आणि त्याला हजारो छिद्रे आहेत. जवळून पाहता ती छिद्रे ग्रॅफीनच्या सिद्धान्तातील समीकरणांची आहेत. गच्चीवर एकवीस जातींची गवते आणि रानफुले लावली आहेत, शहरातील मधमाश्यांसाठी. शोभा त्यांनी टाळली नाही. पण ती कामाच्या वाटेत आणली नाही.

आपल्या भागात असा विचार झालाच नाही असे मात्र कोणी समजू नये. कोकणातील आचरे गावी १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे यांना स्वातंत्र्यापूर्वी सरकारने अमेरिकेस धाडले, ते संशोधनशाळांच्या इमारतींचा अभ्यास करण्यासाठीच. हार्वर्ड येथे ते वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले आणि १९४७ साली परत येऊन वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. येथून दोन-अडीच तासांच्या वाटेवर, अहमदाबादेस, गिरणीधंद्याच्या संशोधनासाठी निघालेल्या 'अटिरा' संस्थेची इमारत त्यांची. साधी काँक्रीटची चौकट, विटांचे काम, घुमट नाही की कमान नाही. तेथील द्रव्य म्हणजे कापूस, आणि कापसाचा स्वभाव हवेतील दमटपणाबरोबर बदलतो. ओला धागा कोरड्यापेक्षा अधिक ताण सोसतो. तेव्हा धाग्याची ताकद मोजायची तर खोलीतील हवा सदैव एकसारखी हवी. आपल्या देशातील मानक २७ अंश तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असे आहे. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश आणि जुलैत भिंतींना बुरशी, अशा ठिकाणी बारा महिने तेवढे राखावयाचे म्हणजे भिंत आणि छप्पर हेच पहिले उपकरण ठरते. कानविंदे यांनी पुढे शौकत राय यांच्यासह आपली संस्था काढली, कानपूरच्या आय.आय.टी.चे आवार उभारले, आणि २००२ साली ते निवर्तले. त्यांच्या गावाकडचे कितीजण त्यांचे नाव जाणतात, कोण जाणे.

एक धोका राहिला, तो आमच्या मते नकाशात सर्वांत प्रथम लिहावयास हवा. द्रवरूप नायट्रोजन अतिशय थंड असल्यामुळे पुष्कळ उपकरणांना लागतो. त्याच्या एका लिटरचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. हवेत ऑक्सिजन असतो एकवीस टक्के. बंद खोलीत नायट्रोजनाने तो हुसकून लावला तर आतील माणूस काही न समजता कोसळतो, कारण नायट्रोजनाला वास नाही, रंग नाही. हायड्रोजन सल्फाइड निदान ओरडून तरी येतो. म्हणून सिलिंडर आणि टाक्या इमारतीबाहेर, जाळीच्या उघड्या खोलीत ठेवतात आणि आत फक्त नळी आणतात. खोलीला ऑक्सिजन मोजणारी घंटा लावतात. आणि प्रत्येक प्रयोगशाळेला एकमेकांपासून दूर अशी दोन दारे असतात. एकाशी आग लागली तर दुसरे मोकळे राहावे. दारे बाहेर उघडणारी, वाटेत कपाट नाही.

आता आपल्या विज्ञानभवनाविषयी. आपल्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बसवावयाचा नाही की क्लीन रूम काढावयाची नाही. आपल्याकडे येणार आहेत दोन पाळ्यांतील मुले, आणि त्यांच्या हाती परीक्षानळ्या. पहिल्या नकाशात रसायनशाळा तळमजल्यावर, दर्शनी बाजूस, वाचनालयाच्या बरोबर खाली दाखविली आहे, कारण उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना ती पहिली दिसावी. पंख्यांची तोंडे आतल्या चौकात आहेत. नकाशा पाहताच आम्हांस ती सातवीच्या वर्गाची खिडकी दिसली. इमारतीच्या उपसमितीत आम्हांस घेतल्यावर आम्ही लेखी मागणी केली की, रसायनशाळा वरच्या मजल्यावर न्यावी, भौतिकशाळा खाली आणावी आणि धूर गच्चीवर सोडावा. विश्वस्तांनी तिच्यावर मोकळेपणाने चर्चा केली, आणि आक्षेप निघाला तो रास्तच होता : वरच्या मजल्यावर आग लागली तर चाळीस मुले एका जिन्याने उतरणार कशी? तेव्हा दुसरा जिना हवा. वास्तुशिल्पी सांगतात की, दुसऱ्या जिन्याचा खर्च जवळजवळ दर्शनी कमानीएवढा येतो. दोन्हींसाठी निधी नाही. ज्यांनी कमानीचे चित्र काढून आणले त्यांना हे सांगावयाचे काम आमच्याकडे आले. आम्ही गेलो, चहा झाला, मुलीची हकीकत सांगितली. त्यांनी चित्राचा कागद बराच वेळ हातात धरला आणि विचारले, "सर, जिन्याला कठडा तर लागेल ना? तो मी सुचवीन तसा करू द्याल?" लागेल, असे आम्ही म्हणालो. बाकीचे पुढील सभेत ठरावयाचे आहे.

तोपर्यंत दोन्ही नकाशे न्यासाच्या कार्यालयात भिंतीवर लावले आहेत आणि शेजारी सूचनांची वही ठेवली आहे. पहिली नोंद शाळेच्या प्रयोगशाळेतील आमच्या परिचर मामांची आहे. त्यांनी लिहिले आहे की, नळाखालची मोरी खोल असावी, उथळ मोरीत आम्ल ओतताना तोंडावर शिंतोडे येतात. आणि धुण्याचा नळ दारापाशी असावा, म्हणजे डोळ्यांत काही गेलेल्या मुलाला आंधळेपणी टेबलांमधून वाट काढीत यावे लागणार नाही. कच्च्या आराखड्यात तो नळ दूरच्या कोपऱ्यात होता. वास्तुशिल्पींनी त्याच दिवशी पेन्सिलीने तो दारापाशी आणला.